कमी पटाच्या शाळा: पैसा सरकारचा की गावाचा?

दापोलीकर: काल एकाने लिहिलं की कोकणातली एकही कमी पटाची, म्हणजे मोजक्या पोरांची, शाळा बंद होता कामा नये, लागेल तो पैसा सरकारने टाकावा, गावाचा त्यात काय संबंध. वाचून डोकं तापलं. अहो गावाचाच संबंध आहे! आमच्या शाळेच्या जांभ्याच्या भिंती आजोबांच्या पिढीने श्रमदानातून उभ्या केल्या, आता चार कौलं फुटली तरी पंचायत समितीत अर्ज देऊन पावसाळा संपेपर्यंत वाट बघायची. 73 व्या घटनादुरुस्तीत पंचायतींसाठी 29 विषयांची यादी आहे, त्यात प्राथमिक शिक्षण आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, पण शिक्षक नेमायचा अधिकार शून्य, यादी येणार सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून. सरकारने हात मागे घ्यावा, गावाने घरपट्टी वेळेवर भरावी आणि शाळा स्वतः चालवावी. पैसा आपला असला की जाब विचारता येतो.

संगमेश्वरची ताई: दादा, तुमचं गाव रस्त्याला असेल. आमच्या वाडीच्या मधे पर्या, म्हणजे ओढा, आहे, जुलैत साकवावरनं पाणी जातं, तेव्हा पहिलीतलं पोर पलीकडच्या शाळेत कसं पाठवायचं ते सांगा. कायदा म्हणतो 1 किलोमीटरच्या आत शाळा हवी, तो नकाशावर मोजतात, पायवाटेने कोण मोजतो? आणि घरपट्टीचं म्हणाल तर निम्म्या घरांना कुलूप, त्यातून गुरुजींचा पगार भागणार? 2009 च्या कायद्याने मोफत शिक्षण मुलाचा हक्क आहे, गावाची ऐपत बघून द्यायचं नाही.

चाकरमानी, लांजा: कुलपावर आलात म्हणून बोलतो. मी दरवर्षी घरपट्टी भरतो, आमच्या मुंबई मंडळाने शाळेला वह्या दिल्या, बाकं दिली. तरी ग्रामसभेत तोंड उघडलं की तुमचं नाव मुंबईच्या मतदारयादीत म्हणून गप्प बसवतात. पैसा चालतो, माणूस चालत नाही?

राजापूरचा: गणपतीत यायचं, पाण्याची टाकी कुठे बांधायची ते ठरवून परत जायचं, आणि मे महिन्यात डोक्यावर हंडे कोण वाहतं? आमच्याकडे थकबाकीच्या यादीत किती नावं विरार-नालासोपाऱ्याची आहेत ते येऊन बघा.

चाकरमानी, लांजा: सगळ्यांना एका मापात मोजू नका. माझ्या पावत्या आहेत. सामायिक घराची पट्टी चार भावांत कोणी भरायची यावर अडते, हे गावातल्या भावांनाही लागू आहे.

संगमेश्वरची ताई: शाळा राहिली बाजूला! 2023 ला आंतरजिल्हा बदल्यांत रत्नागिरीतून शेकडो शिक्षक एकदम गेले. आमच्याकडे एकच गुरुजी उरले, चार इयत्ता त्यांच्यावर, वर पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा आणि रेंजसाठी वर सड्यावर, कातळाच्या माळावर, जाऊन ऑनलाइन माहिती भरायची. त्या वर्षी माझ्या लेकीचे पाढे मीच घेतले.

दापोलीकर: मग मी काय वेगळं सांगतोय? इथली डीएड झालेली पोरं घरी बसलीत. गावाने नेमलेला शिक्षक बदली मागून घाटावर गेला नसता.

माजी सदस्य, कुडाळ: गावाने नेमला असता म्हणजे सरपंचाचा भाचा नेमला असता, मी ग्रामपंचायतीत पाच वर्षं काढलीत. आणि पंधराव्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना येणारे, 60 टक्के पैसे पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेल्यातून पगार देता येत नव्हता. वर जिल्हा परिषदेची मुदत 2022 ला संपली, मग कित्येक वर्षं प्रशासक, दाद मागायला निवडून आलेला माणूसच नव्हता. आधी पैसा मोकळा करा, निवडणुका वेळेवर घ्या, मग स्वावलंबनाचं बोला.

दापोलीकर: बरं, पगार सरकारने द्यावा, तेवढं मान्य. भाच्याला अडवायला तालुक्याची गुणवत्ता यादी लावा. पण तीन पोरांची शाळा ठेवायची का, हे ग्रामसभेनेच ठरवावं, मंत्रालयाने नाही.

संगमेश्वरची ताई: ग्रामसभेत वरच्या वाडीची मतं जास्त. आमची सात घरं, प्रत्येक वेळी हरणार आणि शाळा त्यांच्या दारात जाणार. त्यापेक्षा मंत्रालयाशी भांडणं परवडलं.