मदत हवी आहे: दशक्रियेतली पुढाऱ्यांची भाषणं कशी टाळायची?

नमस्कार मंडळी. वडील जाऊन आज सहावा दिवस. रविवारी घाटावर दशक्रिया आहे. आमच्या शिरूर-जुन्नर पट्ट्यात दशक्रिया म्हणजे प्रवचन आणि त्यानंतर श्रद्धांजलीची भाषणं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माइक काही थांबत नाही.

अण्णा वीस वर्षं सोसायटीचे संचालक होते, दोन्ही गटांत ऊठबस. त्यामुळे आता दोघांनाही ते 'आपले' वाटतात. चौकात दोन फ्लेक्स लागलेत, समोरासमोर. एकावर अण्णांचा फोटो पासपोर्टएवढा आणि खाली हात जोडलेले अकरा जण, त्यातले चार इच्छुक उमेदवार! दुसऱ्यावर तर पक्षाचं चिन्हच. पेपरातल्या निधनवार्तेतही आम्हाला न विचारता 'पक्षाचे निष्ठावंत' असं छापून आणलं. आई ते वाचून गप्प बसली आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अत्र्यांनी नेहरूंना सोडलं नव्हतं, पण १९६४ मध्ये नेहरू गेले तेव्हा त्याच अत्र्यांनी 'मराठा'त त्यांच्यावर हळवं होऊन लिहिलं. इथे उलटं, माणूस गेला की वाटणी सुरू.

कुणी घाटावर 'फक्त प्रवचन, भाषणं नाहीत' असं केलंय का? महाराजांकडून सांगावं की भावकीतल्या वडीलधाऱ्यांकडून? फ्लेक्स उतरवायला ग्रामपंचायतीत अर्ज दिला तर भांडण वाढेल का? आम्हाला गावातच राहायचंय, कुणाला दुखवायचं नाहीये. शनिवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल.