फसलेल्याला आधी शिव्या की आधी 1930? (चुलतभावाच्या स्कुटरचं प्रकरण)

चिंचेखालचा
हा धागा भांडायलाच काढलाय, आधीच सांगतो.

चुलतभाऊ, वय 26, चाकणला शिफ्टची नोकरी. जाण्यायेण्याला जुनी स्कुटर बघत होता. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर जाहिरात दिसली, 22,000 ला, फोटो चकाचक. विकणारा म्हणे आर्मीत, आता जम्मूला पोस्टिंग आलंय म्हणून घाईत काढतोय. प्रत्येक मेसेजची सुरुवात "जय हिंद सर". आयकार्ड, कॅन्टीनचं कार्ड, आरसी, सगळ्याचे फोटो यानं न मागता पाठवले. गाडी बघायला येतो म्हटलं तर "कॅम्पात सिव्हिलियनला एन्ट्री नाही, आर्मीचा ट्रक घरपोच सोडतो, आवडली तरच बाकीचे द्या, फक्त ट्रान्सपोर्टचे 2,150 आधी". पाठवले. पावती आली, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, आणि "इंडियन" चं स्पेलिंग चुकलेलं. मग हिरव्या कापडात गुंडाळून दोरीने बांधलेल्या स्कुटरचा फोटो. मग "ड्रायव्हर" चा फोन की तळेगावच्या पुढे आलोय पण जीपीएसचं डिपॉझिट भरल्याशिवाय गाडी उतरवता येत नाही, 5,499, रिफंडेबल. मग "तुमचं पेमेंट दोन मिनिटं लेट पडलं, सिस्टिमने घेतलं नाही, आता 8,400 टाका, सगळे एकदम परत येतील". टाकले. 16,049 गेले आणि नंबर बंद.

हे झालं बुधवारी रात्री. घरी कळलं शनिवारी, तेही त्याच्या रूममेटने सांगितलं म्हणून. शनिवारी संध्याकाळी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लागला तोवर पैसे पुढं सरकलेले. काका म्हणतात अक्कलखाती जमा कर आणि गप बस, गावभर करू नको.

माझं म्हणणं असं की ते मधले तीन दिवस त्यानं का घालवले तर "एवढा डिप्लोमा करून एवढी अक्कल नाही?" हे ऐकायला लागेल म्हणून. म्हणजे आपल्या घरातली ही खिल्ली उडवायची सवय थेट चोराच्या कामी येते. तक्रार करायचीच, रक्कम कितीही असो, आणि शिव्या नंतर. बोला.

पेठेतला_प्रामाणिक
बोलतो. 22 हजारात चकाचक स्कुटर मिळते का हो? शोरूममध्ये नवीनचा भाव विचारून आला असता तरी डोक्यात उजेड पडला असता. याला आमच्याकडे हाव म्हणतात. न बघितलेल्या गाडीला एकदा पैसे पाठवणं समजू शकतो, तीनदा पाठवणाऱ्याला काय सहानुभूती द्यायची? अशा लोकांना दर वेळी "तुझी काही चूक नाही रे बाळा" म्हणायला लागलो तर पुढच्या वेळी पण पाठवेल. काका बरोबर आहेत.

आणि तक्रारीचं म्हणाल तर माझ्या साडूने 9 हजारासाठी केली होती. दोन दिवसांची रजा, चौकीत बाकड्यावर बसणं, "हे आमच्या हद्दीत येत नाही", शेवटी एफआयआर नाहीच, नुसता अर्ज घेतला. मिळालं काय तर शिक्का मारलेली झेरॉक्स.

चिंचेखालचा
पहिल्या 2,150 ला हाव म्हणा, चालेल. पुढच्या दोन वेळेला मात्र हाव नव्हती हो. त्यावेळी त्याला स्कुटर नकोच होती, आधीचे पैसे परत हवे होते. नीट बघा ना, "डिपॉझिट", "रिफंडेबल", "सगळे एकदम परत येतील", दुसऱ्या हप्त्यापासून तो माणूस स्कुटर विकतच नाहीये, तो याला याचेच पैसे विकतोय. इथं जी माणसं स्वतःला फार हुशार समजतात ती पण अडकतात, कारण हुशार माणसाला आपण फसलो हे मान्य करायला जास्त जड जातं.

बँकेतली_बाई
मी बँकेत काउंटरला बसते, कुठल्या ते विचारू नका. दोघांनाही थोडं थोडं सांगते.

1930 ला फोन केला की तिथून तक्रार एका सिस्टिममध्ये पडते, तिला बँका जोडलेल्या आहेत. तुमचे पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो, तिथं शिल्लक असेल तर तेवढ्यावर होल्ड लागतो, पुढं सरकले असतील तर पुढच्या बँकेला निरोप. आता चोर काही पैसे घेऊन बसत नाही, एका खात्यातून चार खात्यात, तिथून आणखी पुढं, शेवटी कुठल्यातरी एटीएममधून कॅश. हे सगळं तासाभरात उरकतं, कधी त्याच्याही आत. त्यामुळे शनिवारी फोन करणं आणि बुधवारी रात्री करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, इथं धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

फोन करताना पेमेंटचा नुसता स्क्रीनशॉट घेऊन बसू नका, यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, हाताशी ठेवा. बारा आकडी असतो, यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत ते पेमेंट उघडलं की खाली दिसतो. तीन पेमेंट असतील तर तीन यूटीआर. लोक एकच सांगतात आणि बाकीच्या दोघांचा माग लागतच नाही. नंतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची, चॅट आणि त्या पावतीसकट.

आणि एक कडू गोष्ट. काउंटरवर रोज कोणीतरी भांडतं की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीन दिवसांत कळवलं तर बँकेने पैसे द्यायचे. तो 2017 चा नियम तुमच्या नकळत खात्यातून गेलेल्या पैशांचा आहे. इथं पिन तुमच्या भावाने स्वतः टाकलाय. त्या नियमाने बँक भरून देणार नाही, मिळाले तर होल्ड झालेलेच मिळतील.

पेठेतला_प्रामाणिक
म्हणजे ताई, सरळ मराठीत, काही मिळत नाही.

बँकेतली_बाई
सरळ मराठीत, लवकर आलात तर मिळू शकतं. तुमच्या साडूंनी कितव्या दिवशी तक्रार केली होती ते विचारून या.

जळगावकर_मोबाइलवाला
मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण ही बाजू कोणी मांडत नाही. माझं मोबाइल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान. एक पोरगा आला, चार्जर आणि कव्हर घेतलं, 640 रुपये क्यूआरवर मारले, गेला. पुढच्या आठवड्यात माझं अख्खं करंट खातं फ्रीज! बँकेत गेलो तर म्हणे दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांचा मेल आलाय, तुम्ही लेअर चारमध्ये आहात. लेअर काय असतो हे मला तेव्हा कळलं, चोरीचे पैसे फिरत आले त्या साखळीतली पायरी. 640 रुपयांपायी माझा होलसेलवाल्याला दिलेला चेक बाउन्स झाला, पोरांचे पगार अडकले, आणि तिकडचा तपास अधिकारी फोन उचलेना. बिलबुक, जीएसटी, दुकानाचे फोटो असं सगळं मेल करत बसलो. कधी सुटलं ते विचारू नका, दिवाळीचा सीझन गेला.

तेव्हा "रक्कम कितीही असो तक्रार कराच" म्हणणाऱ्यांनी जरा विचार करा. तुम्ही तिकडे बटण दाबता आणि इकडे आमच्यासारख्याचं शटर पडतं.

चिंचेखालचा
भाऊ, हे खरंच वाईट झालं, पण यात तक्रार करणाऱ्याचा दोष कुठला? 640 आले तर 640 वर होल्ड लावा ना. अख्खं खातं गोठवायची आयडिया फसलेल्या माणसाची नव्हती.

वकिली_चष्मा
बरोबर मुद्दा. केरळ हायकोर्टाने 2023 मध्ये नेमकं हेच सांगितलंय की पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम आहे तेवढ्यापुरताच फ्रीज ठेवा. पण बँकेचा मॅनेजर स्वतःच्या अंगावर काही घेत नाही, अख्खं खातं बंद केलं की त्याला शांत झोप लागते. जळगावकरांनी बँकेला लेखी अर्जात हेच मागायला हवं होतं, रक्कम धरा आणि खातं सोडा.

पेठेतले काका, हद्दीचं जे सांगितलंत ते मात्र आता चालत नाही. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत, त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआर कलम 173 मध्येच लिहिलीय, गुन्हा कुठेही घडो, जवळच्या ठाण्याने नोंदवून घ्यायचा आणि तिकडे पाठवायचा. पूर्वीचं 420 आता भारतीय न्याय संहितेचं 318(4), सोबत आयटी ॲक्टचं 66 डी, म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटर-मोबाइलवरून फसवणूक. ठाण्यात हे आवाज न चढवता म्हणून बघा, समोरच्याची बसायची पद्धत बदलते.

गण्या_फ्रॉम_नागपूर
काहून एवढं कायदा कायदा करून राह्यले बावा? त्या आर्मीवाल्याचा फोटो आहे ना, आयकार्ड आहे ना, नाव आहे. टाका साऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, फेसबुकवर, "हा चोर आहे" म्हणून. दोन दिवसांत त्याच्या गावापर्यंत पोचते. पोलिसाच्या आधी पब्लिकच पकडते.

फौजीची_मिसेस
अजिबात करू नका हे. मी साताऱ्याची, आमच्याकडं अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, घरटी फौजी. माझे मिस्टर रिटायर्ड सुभेदार. त्यांच्या युनिटमधल्या एका पोराचं कार्ड असंच फिरत होतं. त्या पोरानं काय केलेलं, तर स्वतःची खरी गाडी विकायला काढली होती आणि घेणारा म्हणाला विश्वासासाठी आयडी पाठवा, यानं पाठवला. घेणारा गायब. पुढं त्याच कार्डावर कुठल्या कुठल्या राज्यात गाड्या विकल्या गेल्या आणि शिव्या खायला हा. घरी फोन यायचे, त्याच्या आईला लोक चोराची आई म्हणायचे. कार्डावरचा माणूस चोर नसतो हो, तो बहुतेक वेळा आधी फसलेला असतो.

आणि एक सांगते, कुठलाही आर्मीचा ट्रक फौजीनं विकलेली स्कुटर गिऱ्हाइकाच्या दारात सोडत नाही. आमच्या किती बदल्या झाल्या, आमचं स्वतःचं सामान आम्ही पॅकर्सनी नाहीतर रेल्वे पार्सलनं नेलं, गाडीची पेट्रोलची टाकी रिकामी करून, पुठ्ठे बांधून. फौजी कॅन्टीन कार्डाचा फोटो असा परक्याला पाठवत नाही. ज्यानं न मागता पाठवला त्याच्यावर तिथंच संशय घ्यायचा.

गण्या_फ्रॉम_नागपूर
हे माहीत नव्हतं काकू. मागच्या महिन्यात एकाचा फोटो फॉरवर्ड केला मी, काढून टाकतो. पण मग बँक खातं ज्याच्या नावावर आहे त्याचं तर नाव टाकू शकतो?

बँकेतली_बाई
ते पण नको. खातं बऱ्याचदा भाड्याचं असतं, म्यूल म्हणतात. कोणीतरी मजूर नाहीतर कॉलेजचा पोरगा, पाच-सहा हजार घेऊन पासबुक, एटीएम, सिम सगळं दिलेलं. तो निर्दोष आहे असं म्हणत नाही, खातं भाड्याने देणं हा गुन्हाच आहे, पण त्याला धरून तुमच्या स्कुटरवाल्यापर्यंत पोचाल हा भ्रम आहे. ते काम पोलिसांना करू द्या. खाते नंबर तक्रारीत लिहा, ग्रुपवर नको.

पेठेतला_प्रामाणिक
व्वा. म्हणजे फोटोतला निर्दोष, खातेवाला बिचारा, फसलेला तर निर्दोषच. दोषी फक्त मी, घरात रागावणारा काका.

चिंचेखालचा
हो, थोडेसे. तीन दिवसांपुरते.

ग्राहकराजा
ग्राहक आयोगात केस टाका ना, ऑनलाइन दाखल होते. ॲपवाल्यांना पार्टी करा.

वकिली_चष्मा
दुकानदाराकडून घेतलं असतं तर म्हटलं असतं टाका. खासगी माणूस जुनी वस्तू विकतोय म्हटल्यावर तो व्यापारी होतो का इथपासून वाद, आणि इथं तर तो माणूसच खोटा. नोटीस कुठं पाठवणार? ॲपवाले म्हणतील आम्ही फक्त जाहिरात लावतो. स्वतंत्रपणे ॲपवर रिपोर्ट करा, ती जाहिरात तरी उतरेल.

कोथिंबीर_फुकट
मला एकाने असाच "मी पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणून पाठवला होता, जुना सोफा विकायला काढला तेव्हा. मी त्याला दोन तास खेळवलं. कधी म्हटलं रेंज नाही, कधी चष्मा सापडत नाही, शेवटी तोच वैतागून शिव्या द्यायला लागला. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही एवढं एक माझ्या सासूबाईंना पाठ करून घेतलंय. 2025 च्या ऑक्टोबरपासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसा-माणसातली कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागायची सोय, बंद केली हे बरं झालं, पण क्यूआरचा धंदा चालूच आहे.

फौजीची_मिसेस
खेळवू नका ताई, त्यांच्याकडं तुमचा पत्ता असतो, सोफा न्यायला दिलेला.

चिंचेखालचा
अपडेट. तक्रारीचं स्टेटस आलं, 3,200 एका खात्यात होल्ड झालेत, बाकीचं निघून गेलंय. ते सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागेल असं ठाण्यातून सांगितलंय, पुढच्या लोकअदालतीत ठेवतात म्हणे. आणि गंमत बघा, भावाने फेसबुकवर कुठेतरी कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की मी फसलो, तर काल त्याला "सायबर सेलमधून साहेब बोलतोय" असा फोन, रिकव्हरी करून देतो, प्रोसेसिंग फी 1,999. या वेळी त्यानं आधी मला फोन केला.

पेठेतला_प्रामाणिक
16 हजारातले 3,200, तेही कोर्टाची पायरी चढून. याला मी अजूनही वेळेचा अपव्यय म्हणतो. रजेचा पगार धरला तर तोट्यातच.

चिंचेखालचा
असेल. तो जाणार आहे पण. मी बरोबर जाणार आहे.

नवीन_आयडी_77
सॉरी, मध्येच लिहितोय. वॉशिंग मशीन, बदली झालेला बँक मॅनेजर म्हणाला, ॲडव्हान्स 3,000 आत्ता वीस मिनिटांपूर्वी पाठवला, आता परत 4,500 मागतोय लोडिंगचे. 1930 लावतोय, बिझी येतंय.

बँकेतली_बाई
4,500 टाकू नका. त्याला ब्लॉक पण करू नका, चॅट उडवेल, आधी स्क्रीनशॉट घ्या. 1930 लागेपर्यंत पोर्टलवर फायनान्शियल फ्रॉडमध्ये टाका, आणि बँकेच्या कस्टमर केअरला फोन, नंबर गुगलवर शोधू नका, एटीएम कार्डाच्या मागे आहे तोच. हिस्ट्रीत जाऊन यूटीआर लिहून घ्या. इथं नंतर लिहा.

नवीन_आयडी_77
लागला.