गाठ १ मिमीने ‘वाढली’ म्हणजे नक्की काय?
थायरॉइडची गाठ सोनोग्राफीत ११ ची १२ मिमी झाली, म्हणजे वाढली का, असा प्रश्न पडतो. नाही. प्रोब (गळ्यावर फिरवतात ते सोनोग्राफीचं यंत्र) जरा तिरका धरला तरी एवढा फरक पडतो. कमीत कमी दोन मापांत २० टक्के आणि किमान २ मिमी, किंवा घनफळात ५० टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच वाढ धरतात. घनफळ म्हणजे लांबी × रुंदी × जाडी × ०.५२, म्हणून रिपोर्टात तिन्ही मापं हवीत. एकाच आकड्याची तुलना कशाशी करणार? खरं तर मापापेक्षा रूप बोलतं: आडव्या छेदात रुंदीपेक्षा उंच, गडद, कडा वेड्यावाकड्या, आत चुन्याचे बारीक ठिपके असतील तर १ सेंमीलाच सुईतपासणी (बारीक सुईने पेशी काढून तपासणं). स्पंजासारखी जाळीदार असेल तर सहसा सुई लागत नाही. हार्मोन कमी की जास्त हे मात्र सोनोग्राफी सांगत नाही, त्याला टीएसएच ही रक्ततपासणीच.