मीठ खाणारी झाडं लावली की निचरा नको?

निचरा_आधी: "क्षारपड रानात मीठ शोषणारी झाडं लावा, तीन वर्षांत जमीन पहिल्यासारखी, निचऱ्याच्या चर-पाइपांचा खर्च वाचला." ही पोस्ट लोक डोळे मिटून पुढे ढकलताहेत, म्हणून सविस्तर लिहितो. 1 डेसीसायमन प्रति मीटर क्षारतेच्या पाण्यात लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम क्षार असतात. असं 500 मिलिमीटर पाणी दिलंत की हेक्टरी 3.2 टन मीठ तुम्हीच रानात ओतलंत. सुएडा (मीठ शोषणारं झुडूप) कापून बाहेर न्यायची मेहनत यातच संपते. आधीचा साठा कोण काढणार? आणि कापलाच नाही, तर पाला गळून मीठ परत मातीवर.

मूळधरू: फक्त उचललेलं मीठच मोजणार का? चुनखडीच्या चोपण (सोडियम चिकटून घट्ट झालेल्या) जमिनीत मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळवतो, कॅल्शियम सुटतं आणि मातीला चिकटलेलं सोडियम हटतं. चोपण सुधारायला घालतात ते जिप्सम तरी दुसरं काय करतं? आमच्या रानात पाणी मुरतच नव्हतं, धैंचा (हिरवळीचं खत) गाडल्यावर मुरायला लागलं.

निचरा_आधी: हटलेलं सोडियम जाणार कुठे? खाली वाट नसेल तर तिथंच बसणार. शिवाय क्षारपडीत विरघळणारं मीठ साठतं, तिथं तुम्ही चोपणचं औषध देताय.

बांधावरून: झाडं म्हणून शेवटी वेडी बाभूळच लावतात! शेजारच्या पडीक तुकड्यात लावली, आता आमचा बांध दिसत नाही. तोडली की खोडातून फुटते, जनावरं शेंगा खातात आणि शेणातून बी पसरतं.

मूळधरू: तिच्याखाली चोपण मातीचा सामू (पीएच) उतरतो, सेंद्रिय कर्ब वाढतो, हे पण लिहा की.

बांधावरून: सामू उतरला, पण रान कुणाचं राहिलं? कच्छच्या बन्नीत 1960 च्या दशकात खारं रण पसरू नये म्हणून लावली. आज गवताळ कुरणं तिनं गिळलीत. गुरं पाळणाऱ्यांना सामू सांगा जाऊन!

निचरा_आधी: विषय बाभळीचा नाही.

बांधावरून: ज्याच्या बांधावर काटे नाहीत त्याला नसेल.

मूळधरू: पश्चिम ऑस्ट्रेलियात खोल मुळांची मूळ झाडी तोडून गहू पेरला, भूजल वर आलं आणि सोबत मीठ आलं. म्हणजे झाडं निचऱ्याचंच काम करत होती ना?

निचरा_आधी: पाणीपातळी खाली ठेवतात, एवढं मान्य. पण ती पावसावरची शेती. कालव्याचं पाणी सतत मुरणाऱ्या रानात झाडं किती उपसणार? आधी चर, मग झाडं.

मूळधरू: चरांचं खारं पाणी कुणाच्या ओढ्यात सोडणार, तेही ठरवा. त्यावर एक ओळ लिहिली नाहीत.

बांधावरून: आणि झाडं कोणती, हे आधी सांगा. वेडी बाभूळ असेल तर माझा विरोध कायम.