फॉरमॅट मारण्याआधी : घरच्या कॉम्प्युटरवरचा अडलेला ब्राउझर तुम्ही कसा चालू केलात?

ब्राउझर अडला की ओळखीतला कोणीतरी लगेच सांगतो, 'फॉरमॅट मार.' त्यात बुकमार्क जातात, फोटो जातात, आणि दोष दुसरीकडेच असेल तर तो तसाच राहतो. म्हणून हा धागा. पडद्यावर नेमकं काय दिसलं, काय तपासलं, कशाने सुटलं ते लिहा.

सुरुवात मी करते. आमच्याकडे सकाळी कॉम्प्युटर लावला की एकही साइट उघडेना. क्रोमवर 'युवर क्लॉक इज बिहाइंड' असं पान यायचं. तारीख हाताने बदलली की दिवसभर ठीक, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. रात्री आम्ही भिंतीवरचं बटण बंद करतो. त्यानंतर आतलं घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर, आणि तो सेलच संपला होता. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आपलं घड्याळ त्या मुदतीबाहेर गेलं की ब्राउझर ते प्रमाणपत्र मानत नाही. प्लग काढून, कॅबिनेट उघडून सेल बदलला. त्यावर सीआर२०३२ असं लिहिलेलं असतं, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

सांगली
आमच्या सासऱ्यांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात सारखी लाल चौकट यायची, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे.' ते इतके धास्तावले की कॉम्प्युटर लावेनासेच झाले. अँटिव्हायरसने सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही. मग चौकट नीट वाचली. खाली बारीक अक्षरात एका साइटचा पत्ता होता. म्हणजे तो व्हायरस नव्हता, त्या साइटचं नोटिफिकेशन होतं. भजनं डाउनलोड करताना 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं आलं होतं, त्यांनी दाबलं. म्हाताऱ्या माणसांना असं भिववून पैसे काढतात याची मला फार चीड येते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ती साइट काढली. घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर ही यादी आजच उघडून बघा.

ठाणे
सांगलीकरांना जोड देतो. पूर्ण पडदा व्यापणारी चौकट येऊन 'या नंबरवर फोन करा' म्हणाली, तर फोन करू नका आणि कोणी सांगितलं म्हणून दुसऱ्याच्या हाती पडदा देणारं अ‍ॅप घेऊ नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

न्यू जर्सी
आई नाशिकला, मी इथे. तिचं म्हणणं, 'अगं, शोधते एक आणि उघडतं भलतंच.' मी तिला आधी इन्कॉग्निटो खिडकी उघडायला सांगितली, कंट्रोल-शिफ्ट-एन. तिथे सगळं बरोबर चाललं. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी, आपणहून चालत नाहीत, त्यामुळे संशय तिकडेच गेला. मग सगळी एक्स्टेन्शन बंद करून एकेक चालू करत गेलो. पीडीएफ बदलून देणारं एक निघालं, सर्च इंजिन तेच बदलत होतं. आईला मी एकच सवय लावली आहे : 'काहीतरी एरर आली' म्हणायचं नाही, पडद्यावरचा शब्द न शब्द वाचून दाखवायचा. तिला इंग्रजी जमत नाही तेव्हा ती एकेक अक्षर सांगते, आणि त्यावरूनही उलगडतं.

कोल्हापूर
दाखल्याचं बटण दाबलं की काहीच होत नसे. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे पॉप-अप, म्हणजे वेगळी उघडणारी खिडकी, अडवल्याची छोटी खूण होती. फक्त त्या साइटला परवानगी दिली, दाखला उघडला.

नागपूर
विंडोज ७ वाल्यांसाठी : क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. २०२३ पासून पुढची येत नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही. माझ्या जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं, फायरफॉक्स नवा मिळतो. बँकेचं काम मी तरी जुन्या ब्राउझरवर करणार नाही.

डोंबिवली
जुन्या मराठी साइटवरचं पान इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं, त्यात ब्राउझरचा दोष नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरवलेली पद्धत, रुळण्याआधी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रं बसवलेले फॉन्ट होते. तोच फॉन्ट मशीनवर हवा, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून काढायचा. वडिलांचे जुने लेख मी असेच वाचते केले.

छत्रपती संभाजीनगर
एकच साइट उघडेना तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघितला. त्यावर उघडली, म्हणजे दोष घरच्या जोडणीत. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून १.१.१.१ टाकला, साइट लागली.

धागाकर्ती
कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती, साफ करा असं बरेच जण सांगतील, त्याआधी एक बघा. साफ करण्याच्या चौकटीत काही आवृत्त्यांत 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये पासवर्डपुढेही खूण करता येते. ती नसल्याची खात्री करून मगच बटण दाबा. एकाच पानाची अडचण असेल तर आधी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून बघा, ते पान नव्याने उतरतं आणि बाकी कशालाही धक्का लागत नाही.