भाचीला नाकाची सर्जरी करायचीय, डॉक्टरांना काय काय विचारू?

पारिजात:
भाची 22 वर्षांची आहे. नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा काढायचाय. डिसेंबरात साखरपुडा, म्हणून ऑक्टोबरअखेर ऑपरेशन उरकू म्हणते. ताई-भावोजी तयार झालेत, सोबत मी जाणार आहे. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर नवं नाक छान दाखवलं, धोक्यांचं मात्र दोन वाक्यांत आटोपलं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

कोकणकडा:
माझं 4 वर्षांपूर्वी झालं. दुखण्यापेक्षा नाक चोंदण्याचा त्रास जास्त. आठवडाभर रात्री तोंडाने श्वास, ओठ फुटायचे, आई उठून तूप लावायची. दोन उशांवर डोकं उंच ठेवून झोपायचं. डोळ्यांखाली काळंनिळं 10-12 दिवस. सातव्या दिवशी स्प्लिंट (नाकावरची आधाराची कडक पट्टी) काढला, आरशात बघितलं आणि रडलेच, इतकं नाक फुगलेलं. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, आपली त्वचा जाड असेल तर जास्तच. म्हणजे डिसेंबरच्या फोटोत खरं नाक येणारच नाही. आणि नथ! चापाची नथ नाकपुडी दाबते, ती घालायचं आधी विचारून घ्या. चष्मा असेल तर तोही काही आठवडे नाकावर टेकवता येत नाही.

दुपारचा_चहा:
माझं बिघडलं, म्हणून मनापासून लिहितेय. हाड आणि कूर्चा (नाकातलं लवचिक, मऊ हाड) जास्त काढली गेली. दिसायला नाक सरळ, पण जिना चढताना जोरात श्वास घेतला की नाकपुडी आत ओढली जाते. दुरुस्तीसाठी वर्षभर थांबायला सांगितलं, आता कानाची किंवा बरगडीची कूर्चा लावावी लागेल. शंभरातल्या 5 ते 15 जणांना दुसरं ऑपरेशन लागतं असं सांगतात. तुमच्या डॉक्टरांना त्यांचा स्वतःचा आकडा विचारा, आणि दुसरं करावं लागलं तर खर्च कोणाचा तेही. सिगारेट, अ‍ॅस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, जे काही चालू असेल ते लपवू नका.
घरी आल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, नाक दोन्हीकडून गच्च झालं, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साकळलं असेल तर ते लगेच काढावं लागतं, नाहीतर कूर्चा मरते आणि नाक बसतं.

पारिजात:
दोघींचे खूप आभार. आत्ताच भाचीला विचारलं, तर म्हणाली डावी नाकपुडी लहानपणापासून बंदच असते. हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीने पडदा तपासून घेते. तारीख साखरपुड्यानंतरच, ताईशी आजच बोलते.