मदत हवी आहे: आपल्याच क्लबचा पडद्यामागचा माहितीपट बघावा का?

चेंडूवरचा कोंबडा

मंडळी, प्रश्न वाचून हसाल, पण मी खरंच अडकलोय.

मी टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचा, अठरा वर्षं झाली. माझा रूममेट आमच्या शेजारच्या वैऱ्यांचा, आर्सेनलचा. डर्बीच्या, म्हणजे या दोन क्लबांच्या सामन्याच्या दिवशी आम्ही एकमेकांशी खाणाखुणांनीच बोलतो. गेल्या आठवड्यात त्याने 'ऑल ऑर नथिंग: आर्सेनल' लावलं, २०२१-२२चा हंगाम. मी बसलो तो टिंगल करायलाच. सुरुवात झकास होती! पहिले तीन सामने हरले, एकही गोल नाही, तिसऱ्यात तर सिटीकडून ५-० मार. मी मांडी ठोकून हसत होतो.

मग सप्टेंबरची डर्बी आली. सामन्याआधी त्यांचा प्रशिक्षक अर्टेटा स्वतः भाषण न देता क्लबच्या छायाचित्रकाराला पुढे करतो. तो माणूस लहानपणापासून आर्सेनलवेडा. खेळाडूंसमोर उभा राहून तो बोलायला लागतो आणि त्याचा आवाज कापतो. तो सामना आम्ही ३-१ हरलो होतो, तिन्ही गोल पहिल्या ३४ मिनिटांत. तेव्हा मी टीव्ही बंद करून झोपायला गेलो होतो. या वेळी घशात आवंढा आला. त्यांच्यासाठी!

खरी नामुष्की पुढेच आहे. त्या हंगामाचा शेवट आमचा. मे महिन्यात आम्ही त्यांना ३-०ने हरवलं, चार दिवसांनी न्यूकॅसलने २-०ने, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये नेणारी चौथी जागा आम्हाला मिळाली. त्या क्षणासाठी आठ भाग दम धरला होता. तो आला तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये सगळे खाली माना घालून बसलेले, आणि मी रूममेटला हळूच 'सॉरी' म्हणालो. त्यानेही ते ऐकलं. आता रोज ऐकवतो.

तर प्रश्न असा. आमच्यावरची मालिका २०२०ची, निवेदन टॉम हार्डीचं. मी अजून बघितलेली नाही. हंगाम २०१९-२०, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यानंतर सहा महिन्यांच्या आत प्रशिक्षक पोचेत्तिनोला नारळ, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागी मोरिन्यो हजर. ते सगळं एकदा भोगून झालंय. शत्रूची मालिका बघून शत्रू आवडायला लागत असेल, तर आपलीच बघून काय होतं? ज्यांनी बघितली त्यांनी सांगा. आणि बघू नये असं मत असेल तर अशी एखादी सुचवा ज्यात क्लब स्वतःचीच आरती ओवाळत बसत नाही. मँचेस्टर सिटीची नको. १०० गुण, १०६ गोल, वर बेन किंग्जलीचा आवाज; दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट बघितल्यासारखं वाटलं.

रिकामा बाक

बघा. पण ती आली तेव्हा आम्ही बघितली तशी बघू नका.

मोरिन्यो आपल्या डेली अ‍ॅली या खेळाडूला ऑफिसात बोलावतो तो प्रसंग तुम्ही तुकड्यांत पाहिला असेलच, सगळीकडे फिरला होता. काल मी वीस वर्षांचा होतो, आज छप्पन्नचा आहे, वेळ कशी जाते कळत नाही, जे होऊ शकला असतास ते झाला नाहीस तर एक दिवस पस्तावशील, असं काहीसं तो सांगतो. शिवाय त्याला आळशी म्हणतो तेही आहे. २०२०मध्ये आम्ही सगळे म्हणालो, वा, काय पारख आहे. नंतर अ‍ॅलीचा खेळ घसरत गेला तशी ती क्लिप लोक भविष्यवाणीसारखी पुन्हा पुन्हा टाकत राहिले. मीसुद्धा टाकली आहे, कबूल करतो.

जुलै २०२३मध्ये अ‍ॅलीने मुलाखत दिली. लहानपणी झालेला अत्याचार, झोपेच्या गोळ्यांचं व्यसन, उपचार केंद्रात काढलेले आठवडे, सगळं सांगितलं. त्यातच एक वाक्य जाता जाता येऊन जातं. आळशी म्हटल्याबद्दल मोरिन्योने आठवड्याभरात त्याची माफी मागितली होती. पण तेव्हा ते दोघेच होते, म्हणून ते मालिकेत नाही.

मुलाखतीनंतर मी तो प्रसंग पुन्हा लावला. या वेळी मोरिन्यो काय म्हणतोय याकडे लक्षच गेलं नाही, अ‍ॅलीचा चेहरा बघत राहिलो. भिंतीभिंतीत कॅमेरे होते, तरी माफी निसटलीच. तुमचा क्लब आवडेनासा होणार नाही, त्याची काळजी नको. मालिकेवरचा विश्वास मात्र उडेल, आणि ते चांगलंच आहे.

ऑफसाइड आजोबा

कोंबडासाहेब, आरती नको असेल तर मागे जा, बरंच मागे. १९९५चा लेटन ओरिएंटवरचा माहितीपट शोधा. मालकाचा कॉफीचा धंदा रवांडात होता. तिथे यादवी झाली, धंदा बुडाला, आणि क्लब पाच पौंडांना विकायला काढला. शीर्षकातही तेच पाच पौंड आहेत.

त्यात प्रशिक्षक जॉन सिटन मध्यंतरातच एका जुन्या बचावपटूला कामावरून काढून टाकतो. मध्यंतरात! सामना चालू असताना! मग उरलेल्यांपैकी दोघांना, या बाहेर, काय ते बघून घेऊ, येताना जेवणही घेऊन या, अशा थाटाचं आव्हान देतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोट धरून हसलो. हल्ली हसू येत नाही. पगाराची शाश्वती नाही, संघ तळाला, आणि एक माणूस कॅमेऱ्यासमोर फुटत चाललाय. पुढे त्याला लीगमधल्या एकाही क्लबने मुख्य प्रशिक्षक केलं नाही. लंडनमध्ये टॅक्सी चालवली त्याने.

आताच्या मालिका गुळगुळीत का असतात याचं उत्तर तिथे आहे. ते बघून बाकीचे क्लब शहाणे झाले. आता कॅमेरा आत येतो तोच अटी मान्य करून.

चौथा पंच

सगळ्यांनी इतकं गंभीर का व्हायचं? रेक्सम बघा. १८६४चा क्लब, १५ वर्षं लीगबाहेर कुजत पडलेला, दोन नट येऊन विकत घेतात, आणि मग २०२३, २०२४, २०२५ अशी ओळीने तीन वर्षं बढती. नॉट्स काउंटीविरुद्ध भरपाई वेळेत बेन फॉस्टर पेनल्टी अडवतो तो क्षण कुठल्याही पटकथेत लिहिला असता तर दिग्दर्शकाने फाडून टाकला असता.

रिकामा बाक

चौथा पंच, रेक्सम गोड आहे, पण त्यात क्लबचे मालक आणि मालिकेचे निर्माते एकच आहेत. नवरदेवानेच आहेराची यादी वाचून दाखवावी तसं.

चौथा पंच

असेना. गावातल्या पबमधली माणसं तर खरी आहेत ना? मला तीच आवडतात. गोल यूट्यूबवर दिसतात.

नव्वदावं मिनिट

शेवटच्या वाक्याला +१, पण मग संडरलंड कसं काय कुणी सांगितलं नाही अजून? 'संडरलंड टिल आय डाय'. धागाकर्त्याला हवं ते नेमकं हेच आहे.

२०१७मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला होता. कॅमेरे लावले ते परत वर जाण्याची गोष्ट टिपायला. झालं काय, तर त्याच हंगामात क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. निर्मात्यांचा पोपट झाला आणि त्यामुळेच मालिका झाली. पहिला भाग सुरू होतो चर्चमध्ये, धर्मगुरू संघासाठी प्रार्थना करतोय. पुढे खेळाडूंपेक्षा क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बाई जास्त लक्षात राहतात. खेळाडू जानेवारीत निघून जातात. त्या दुसऱ्या दिवशीही कामावर येतात.

दुसऱ्या सीझनमध्ये नवे मालक आहेत आणि ते सोन्यासारखे आहेत, म्हणजे बघणाऱ्यासाठी. बॉक्सिंग डेच्या, म्हणजे २६ डिसेंबरच्या सामन्याला विक्रमी गर्दी खेचायचा ध्यास घेतात आणि ४६,०३९ माणसं आणतातही. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी विल ग्रिग या स्ट्रायकरसाठी बोली लावत बसतात तो भाग दोनदा बघा. आपलीच माणसं सांगतायत, इतका मोलाचा नाही तो. मालक फोन ठेवतो, जरा वेळ बसतो, पुन्हा फोन उचलतो, आकडा वाढवतो. असं करत सुमारे ३० लाख पौंडांवर जातो. लिलावात हात खाली घ्यायला विसरलेला माणूस मी इतक्या जवळून दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आणि शेवट वेम्ब्लीवर, चार्ल्टनशी प्ले-ऑफ, म्हणजे बढतीचा निर्णायक सामना. पाचव्या मिनिटाला समोरच्याने स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला. म्हणजे नशीबसुद्धा पाठीशी. मग ९४व्या मिनिटाला गोल खाऊन २-१ हरले. मला निकाल माहीत होता, तरी मी उभा राहून बघत होतो. माझं टोपणनाव तिथूनच आलंय.

(२०२५मध्ये ते प्रीमियर लीगमध्ये परत आले तेव्हा मला पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरातल्या बाई आठवल्या. मी संडरलंडचा नाही. कधी नव्हतो.)

ऑफसाइड आजोबा

नव्वदावं मिनिट, तुम्ही संडरलंडचे आहात. उगीच लपवू नका.

चेंडूवरचा कोंबडा

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

संडरलंड यादीत पहिलं. ओरिएंट शोधतो. रेक्समवर तुम्ही दोघं भांडून घ्या, निकाल कळवा.

पण 'रिकामा बाक' यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही, म्हणून काल रात्री आमचीच सुरू केली. चार भाग झाले. पोचेत्तिनो पहिल्याच भागात निघून जातो, आणि इतक्या पटकन की मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. साडेपाच वर्षं आमच्याकडे होता तो माणूस. एवढंच? त्याच्या बाजूची एक खोली तरी दाखवायची. अ‍ॅलीचा प्रसंग आला तेव्हा मी आवाज बंद केला. ती क्लिप मीही फॉरवर्ड केलेली आहे.

आमचा लेफ्ट बॅक डॅनी रोझ मोरिन्योच्या ऑफिसात जाऊन मला खेळवत का नाही, सरळ सांगा, असं तोंडावर विचारतो. तेव्हा मी मोरिन्योच्या बाजूने होतो. आपला प्रशिक्षक, आपला निर्णय. तो प्रसंग संपल्यावर रूममेट, ज्याला मी बोलावलंही नव्हतं आणि जो दारात उभा राहून बघत होता, म्हणाला, "पण रोझचं काय चुकलं रे? खरं काय ते सांगा, एवढंच तर म्हणतोय." आर्सेनलवाला, आमच्या लेफ्ट बॅकची वकिली करतोय. मी काही बोललो नाही. त्याला बसायला जागा करून दिली.

आता पुढे आमचेच दोन खेळाडू, योरिस आणि सन, मध्यंतरात एकमेकांच्या अंगावर जातात तो एव्हर्टनचा सामना आहे, तो दोघं मिळून बघू. त्याआधी चॅम्पियन्स लीगमधलं लाइपझिग येतंय, दोन सामन्यांत मिळून आम्ही ४-० हरलो ते. तो भाग तो झोपल्यावर मी एकटा उरकतो.